पडद्यावरची आगगाडी आणि नकाशावरची वाट

आगगाडीच्या प्रवासावरील चित्रपटांत भूगोल किंवा सातत्य (एका दृश्यातील तपशील पुढच्या दृश्यात जुळणे) जिथे चुकल्यासारखे वाटते, अशा जागा वाचकांनी कळवाव्यात, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांतून निवडलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत. एकाच प्रसंगाविषयी अनेकांनी लिहिले असेल, तिथे एकच पत्र घेतले आहे. दूधसागरविषयीची पत्रे मोजण्याचे तर आम्ही मध्येच सोडून दिले.

प्रश्न (मडगाव) : ‘चेन्नई एक्सप्रेस’ या २०१३ सालच्या चित्रपटात मुंबईहून चेन्नईला निघालेली गाडी दूधसागर धबधब्यापाशी थांबलेली दिसते. आम्ही गोव्याची मंडळी त्या प्रसंगाला चित्रपटगृहात मोठ्याने हसलो. गाडी तिथे पोहोचण्याची काही वाट आहे का, की ही निव्वळ चूक समजायची?

उत्तर : चूकच आहे, आणि माझ्या मते खऱ्या अर्थाने चूक म्हणता येईल अशी ती आहे. चित्रपटातील गाडी निनावी असती, तर तिला कोणत्या पुलावरून न्यावे हा दिग्दर्शकाचा प्रश्न होता. इथे मात्र गाडीचे नाव हेच चित्रपटाचे नाव आहे, त्या नावाची गाडी रोज धावते, आणि तिचा मार्ग वेळापत्रकात छापलेला असतो. कल्याण, कर्जत, लोणावळा, पुणे, दौंड, सोलापूर, वाडी, रायचूर, गुंतकल आणि रेणिगुंटा करत ती चेन्नईला पोहोचते. दूधसागर या वाटेवर नाही. तो कॅसलरॉक आणि कुळे यांच्या दरम्यानच्या घाटात, म्हणजे लोंढ्याहून वास्कोकडे उतरणाऱ्या मार्गावर आहे. चेन्नईच्या गाडीच्या वाटेवरील कोणत्याही ठिकाणाहून सरळ रेषेत मोजले, तरी हे अंतर तीनशे किलोमीटरच्या खाली येत नाही.

खरी गंमत कथेतच आहे. नायकाला मित्रांबरोबर गोव्याला जायचे आहे. आजीच्या समाधानासाठी तो चेन्नईच्या गाडीत चढतो आणि कल्याणला गुपचूप उतरून गोव्याची वाट धरायचे ठरवतो. ते साधत नाही, गोवा हुकतो आणि त्याबद्दल तो पुढे हळहळतो. पडद्यावर मात्र त्याच गाडीने त्याला गोव्याच्या हद्दीत आणून सोडलेले असते! तो दरवाजातून उतरून कुळ्यापर्यंत रुळांच्या कडेने चालत गेला असता, तरी पुढची सगळी हाणामारी टळली असती.

आपण विचारलेली वाट ओढूनताणून काढता येते. कोकण रेल्वेने मडगावला यायचे, तिथून कुळे, कॅसलरॉक, लोंढा, हुबळी आणि गुंतकल असे चेन्नईला जायचे. असा फेरफटका मारणाऱ्या गाडीला ‘चेन्नई एक्सप्रेस’ म्हणायला कोणी धजावणार नाही, आणि ती कल्याणला तर मुळीच जाणार नाही.

दूधसागरचा मोह कसा झाला असेल, हे समजण्यासारखे आहे. सुमारे ३१० मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्याने कोसळणारे पाणी आणि त्याच्या अगदी पोटाशी वळण घेत जाणारा रेल्वेचा पूल एकाच चौकटीत मावतात, अशी जागा देशात दुसरी सांगणे कठीण आहे. तरीही एक खंत राहते. या घाटाचा चढ ३७ मीटरला १ मीटर इतका आहे, आणि खऱ्या चेन्नई एक्सप्रेसच्या वाटेवर कर्जत ते लोणावळा या बोरघाटातही चढ तेवढाच आहे. कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे चढावर मागून ढकलणारी, इंजिने लागतात, तेवढ्या वेळात फलाटावर वडापावसाठी झुंबड उडते, मग मागून एक हलका धक्का बसतो आणि गाडी बोगद्यांच्या दिशेने चढू लागते. उतरायचे राहून गेलेल्या माणसाची फजिती दाखवायला त्या पाच-सात मिनिटांहून चांगली जागा कोणती मिळाली असती?

प्रश्न (पेण) : ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ या चित्रपटाच्या शेवटी दिसणारे पंजाबातील स्थानक म्हणजे आमचे आपटा आहे, हे इकडे सर्वांना ठाऊक आहे. ही भौगोलिक चूक धरावी का?

उत्तर : धरू नये. नाटकात रंगवलेल्या पडद्याला आपण राजवाडा मानतो, तशीच ही उसनी जागा आहे. पनवेल–रोहा मार्गावरील आपटा मुंबईपासून जवळ आहे, १९९५ साली तिथे गाड्यांची वर्दळ बेताची होती आणि रुळांवर विजेच्या तारा नव्हत्या. चित्रीकरणासाठी घेतलेली गाडी त्या मार्गावर मागे-पुढे करत राहिली, तरी कोणाचा खोळंबा होत नाही. मुंबई–पुणे किंवा मुंबई–दिल्ली अशा मुख्य मार्गावर एकच प्रसंग सात वेळा घ्यायला रेल्वे कशाला परवानगी देईल? पडद्यावरची निम्मीअधिक चुकलेली स्थानके या एका कारणाने चुकलेली असतात, असे मला वाटते.

उसन्या जागेने आपली ओळख लपवली पाहिजे, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे. मी एकदा दिवा–रोहा गाडीतून मुद्दाम आपट्याला उतरलो होतो. फलाटाच्या टोकाशी उभे राहिले की रुळांमधील खडी काळी, आजूबाजूचे डोंगर काळे आणि पावसाळा नुकताच संपलेला असेल तर गवत छातीपर्यंत. पंजाबच्या सपाट मैदानात यांतले काही नाही. तिथे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर गुरुमुखी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांत नाव असते, आणि पाटीच्या तळाशी समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. उसन्या स्थानकावर नाव बदलून रंगवणारे बहुतेक वेळा ही उंचीची ओळ विसरतात. अमृतसरची उंची दोनशे मीटरांहून अधिक आहे, आणि आपटा खाडीच्या पातळीपासून फार वर नाही.

याच पट्ट्यातील दुसरे उदाहरण ‘शोले’चे. त्यातील आगगाडीवरील दरोड्याचे चित्रीकरण पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावर झाले आणि रामगढ उभारले गेले कर्नाटकातील रामनगरजवळ. रामनगरचे खडक ग्रॅनाइटचे, गोलसर, एकावर एक रचून ठेवल्यासारखे दिसतात. पनवेलच्या बाजूचा दगड बेसॉल्टचा, काळा आणि थरांचा. कोणी काही सांगितले नाही, तरी हे दोन प्रदेश एकमेकांचे शेजारी नाहीत हे दगडच सांगतात. चित्रपटाने रामगढ नकाशावर कुठे आहे ते कधीच सांगितले नाही, म्हणून हा दोष मी त्याच्या खात्यावर मांडणार नाही.

प्रश्न (पुणे) : १९३० च्या दशकात घडणाऱ्या एका चित्रपटात मुंबईहून पुण्याला येणारी गाडी विजेच्या तारांखालून जाताना दाखवली आहे. त्या काळात वाफेची इंजिने होती. इतकी ढोबळ चूक कोणाच्याच लक्षात कशी आली नाही?

उत्तर : आपण चित्रपटाचे नाव कळवले नाही, पण तो कोणताही असला तरी या मुद्द्यावर त्याची बाजू खरी आहे. भारतातील पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर धावली. त्यानंतर काही वर्षांतच तारा घाट चढून पुण्यापर्यंत आल्या. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन पहिल्या दिवसापासून विजेच्या इंजिनानेच धावली. १९३५ सालच्या बोरघाटात तारा नसलेला रूळ आणि धूर सोडणारे इंजिन दाखवले असते, तर त्याला चूक म्हणावे लागले असते. जुना काळ म्हणजे वाफेचे इंजिन असे समीकरण आपल्या मनात इतके घट्ट बसले आहे की मुंबईकर आणि पुणेकरसुद्धा आपलाच इतिहास विसरतात. आणखी मागे, म्हणजे १९१० च्या आसपास जायचे असेल, तर खंडाळ्याजवळ गाडीने थांबून दिशा बदलली पाहिजे. घाटात पूर्वी तसे उलटे स्थानक होते आणि ते १९२९ च्या सुमारास, मार्ग नव्याने आखल्यावर, बंद झाले. कोणत्याही चित्रपटात ते मी अद्याप पाहिलेले नाही.

जुन्या काळाची खरी परीक्षा घ्यायची असेल तर इंजिनाचे नाक पाहावे. टोकदार, बंदुकीच्या गोळीसारखे नाक आणि त्यावर चांदणी रंगवलेली, असे देखणे इंजिन फाळणीपूर्वीच्या कथांमध्ये फार आवडीने वापरले जाते. ते डब्ल्यूपी जातीचे असते आणि त्या जातीची पहिली इंजिने अमेरिकेहून १९४७ साली आली. १९३० मधील दांडीयात्रेच्या काळात अशा इंजिनाचा प्रवेश होणे शक्य नाही.

डब्यांचेही तसेच आहे. आपण ज्यांना साधे निळे किंवा तपकिरी जुने डबे म्हणतो, ते संपूर्ण पोलादी डबे स्विस आराखड्यावर चेन्नईजवळच्या पेरांबूर येथील कारखान्यात तयार होऊ लागले, आणि तो कारखाना २ ऑक्टोबर १९५५ रोजी सुरू झाला. फाळणीच्या गाड्या म्हणून जे डबे दाखवतात, त्यांचा जन्म फाळणीनंतर आठ वर्षांनी झालेला असतो. त्याआधीच्या डब्यांची चौकट लाकडी असे, म्हणून आज चालू स्थितीत ते मिळवणे अवघड आहे, हेही खरे. ज्यांना चित्र थांबवून पाहण्याची सवय आहे, त्यांच्यासाठी एक खूण सांगतो. डब्याच्या बाजूला लिहिलेल्या पाच आकडी क्रमांकाचे पहिले दोन आकडे म्हणजे डबा बांधल्याचे वर्ष असते. १९७५ च्या आणीबाणीत पळून जाणारा नायक ९४ ने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या डब्यात चढला, तर त्याला पकडायला पोलिसांची गरज नाही.

मुंबईच्या लोकलबद्दल काहींनी विचारले आहे, त्याचे उत्तर थोडक्यात असे. पांढऱ्या-जांभळ्या रंगाच्या गाड्या २००७ पासूनच्या आहेत आणि त्याआधीच्या काळाला पिवळा-तपकिरी रंग हवा. व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव १९९६ पर्यंत चालते.

प्रश्न (नाशिक) : ‘दिल से’मधील गाडीच्या टपावरचे गाणे निलगिरीत चित्रित झाले, पण कथेतील गाडी आसामातील आहे. हे कितपत मान्य करावे?

उत्तर : इथे बरेच गुण द्यावे लागतील. कथेत नायक आसामातील हाफलाँग स्थानकावर रात्री गाडीची वाट पाहतो. लुमडिंग ते बदरपूर हा तो डोंगरी मार्ग १९९८ साली मीटर गेजचा, म्हणजे रुळांत एक मीटर अंतर असलेला, होता आणि पुढे २०१५ मध्ये ब्रॉड गेज झाला. निलगिरीचा मार्गही मीटर गेजच आहे. रुळांतील अंतर जुळले की डब्याची रुंदी, बोगद्याचे तोंड आणि वळणांचा घेर आपोआप जुळतो, म्हणून प्रेक्षकाच्या मनाला धक्का बसत नाही. शिमल्याच्या छोट्या गाडीवर हेच गाणे केले असते, तर इतकी माणसे टपावर नाचवताना पंचाईत झाली असती.

फरक उरतो तो झाडांचा. निलगिरीत एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातून आणून लावलेली निलगिरीची उंच झाडे आणि चहाचे मळे आहेत, तर हाफलाँगच्या डोंगरांवर बांबूची दाटी असते. शिवाय निलगिरीच्या कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवलेली आहे, कारण तिथे चढ १२ मीटरला १ मीटर इतका तीव्र होतो. आसामच्या मार्गावर अशी पट्टी कधीच नव्हती.

प्रश्न (सोलापूर) : वायव्य सरहद्दीवरील १९५९ चा एक इंग्रजी चित्रपट पाहिला. त्यातील रेल्वे अगदी आपली वाटते, पण तो स्पेनमध्ये चित्रित झाल्याचे वाचले. हे कसे जमले?

उत्तर : ‘नॉर्थ वेस्ट फ्रंटियर’ हा तो चित्रपट. त्याचा थोडा भाग राजस्थानात आणि रेल्वेचा भाग स्पेनच्या दक्षिणेत चित्रित झाला. इथे नशिबाने साथ दिली आहे. भारतीय ब्रॉड गेजमध्ये रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर असते आणि स्पेनचे रूळही तेवढेच रुंद आहेत, फरक काही मिलिमीटरांचाच. युरोपातील बहुतेक देशांचे १४३५ मिलिमीटरचे रूळ वापरले असते, तर गाडी भारतीय डोळ्याला अंगाने बारीक वाटली असती. रुक्ष डोंगर, पांढुरकी माती आणि रुंद रूळ मिळाल्यावर उरले ते इंजिनाला वेष चढवणे.

आपल्या पत्रात ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’चाही उल्लेख आहे. ते प्रकरण याच्या पुढचे आहे. १९५७ चा तो चित्रपट थायलंडऐवजी श्रीलंकेत कितुलगला येथे झाला, हे फारसे मोठे नाही. मूळ कादंबरीकाराने तो पूल क्वाय नदीवर कल्पिला. प्रत्यक्षात रेल्वे त्या नदीच्या खोऱ्यातून पुढे जात असली, तरी पूल मे क्लाँग या दुसऱ्या नदीवर होता. चित्रपट जगभर गाजला, पर्यटक क्वाय नदीवरचा पूल शोधत येऊ लागले आणि थायलंडने १९६० मध्ये पुलाखालच्या नदीच्या त्या भागाचे नावच बदलून क्वाय याय केले. ही चूक आता नकाशातच बसली आहे, तेव्हा तिला चूक म्हणायची सोय राहिलेली नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : ‘आराधना’मधील दार्जिलिंगच्या गाडीच्या गाण्यात नायक जीपमध्ये आणि नायिका खिडकीत आहे, पण दोघे एकत्र दिसतच नाहीत. हे सातत्यातील दोष आहे का?

उत्तर : शर्मिला टागोर त्या वेळी दुसऱ्या चित्रपटात गुंतलेल्या असल्यामुळे त्यांचा भाग मुंबईच्या स्टुडिओत वेगळा घेतला गेला आणि संकलनात तो जोडला. त्यामुळे दोष शोधायचाच तर खिडकीबाहेरच्या उजेडात शोधावा. भूगोल मात्र चोख आहे. दार्जिलिंगची ६१० मिलिमीटर रुंदीची गाडी रस्त्याला चिकटून, मध्येच रस्ता ओलांडत जाते, म्हणून जीपमधून तिच्याशी गप्पा मारत जाणे खरोखर शक्य आहे.

प्रश्न (ठाणे) : एकाच प्रवासात इंजिन कधी डिझेलचे तर कधी विजेचे दिसते. दिग्दर्शकाच्या मदतनिसांना हे कळत नाही का?

उत्तर : आधी एक अपवाद नोंदवतो, कारण उतावीळपणे दोष देणारेही पुष्कळ आहेत. प्रवासात इंजिन बदलणे ही अगदी नेहमीची गोष्ट होती. मुंबईची वीज एका प्रकारची आणि पुढच्या मार्गाची दुसऱ्या प्रकारची असल्यामुळे अनेक वर्षे उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन इगतपुरीला बदलत असे. मध्ये स्थानक दाखवले असेल, तर इंजिन बदलले म्हणून ओरड करू नये.

मात्र तारा असलेल्या मार्गावरून गाडी बोगद्यात शिरली आणि बाहेर पडताना डिझेलची झाली, तर तो सातत्यातील दोषच आहे. चित्रीकरणाच्या दिवशी रेल्वेकडे जे इंजिन मोकळे असते ते मिळते, आणि लांबून घेतलेली धावत्या गाडीची दृश्ये अनेकदा भलत्याच दिवशीच्या भलत्याच गाडीची असतात. मदतनीस नायिकेची बांगडी कोणत्या हातात होती याची नोंद ठेवतो. इंजिनाची नोंद ठेवणे हे आपले काम आहे असे त्याला वाटत नाही.

डब्याच्या आतले दोष मला अधिक खटकतात. वातानुकूलित डब्याच्या खिडकीची काच उघडत नाही, तरी निरोप घेताना हात बाहेर येतो. बाहेरून पाहताना खिडकीला आडवे गज आणि आतून पाहताना स्वच्छ काच, हे तर सर्रास असते. आवाजाची गोष्ट आणखी निराळी. पूर्वी रुळांचे तुकडे साधारण १३ मीटरचे असत आणि प्रत्येक जोडावरून चाक जाताना खडाड्-खट् असा ठेका उठे. आता मुख्य मार्गांवर रूळ सलग जोडलेले असतात, त्यामुळे तो ठेका गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सांध्यांवरून जाताना तेवढा ऐकू येतो. चित्रपटात मात्र राजधानीच्या वातानुकूलित डब्यातही तो अखंड चालू असतो, आणि डिझेलच्या इंजिनाला वाफेची शिट्टी लावणारेही आहेत.

प्रश्न (नागपूर, महाविद्यालयीन विद्यार्थिनी) : ‘मिशन इम्पॉसिबल’च्या १९९६ च्या पहिल्या भागात हेलिकॉप्टर गाडीमागोमाग इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यात शिरते. हे शक्य आहे का?

उत्तर : नाही. त्या बोगद्यात प्रत्येक दिशेसाठी स्वतंत्र नळी आहे, तिचा आतील व्यास ७.६ मीटर आहे आणि चार आसनी लहान हेलिकॉप्टरचा फिरता पंखासुद्धा दहा मीटरांच्या आसपास असतो. शिवाय ती वेगवान गाडी वरच्या तारेतून वीज घेतल्याशिवाय हलत नाही, आणि चित्रपटात ती तारच नाही. उघड्यावरचे चित्रीकरण स्कॉटलंडमधील एका तारा नसलेल्या मार्गावर झाले, त्यामुळे नायक टपावर मोकळेपणाने सरपटू शकला. तार असती तर तिच्यातील २५ हजार व्होल्टने प्रसंग लवकर संपवला असता.

प्रश्न (जळगाव) : गाडी पडद्यावर एकदा डावीकडून उजवीकडे आणि लगेच उजवीकडून डावीकडे जाते. ती परत फिरली असे समजायचे का?

उत्तर : प्रेक्षक तसेच समजतो, म्हणूनच कॅमेरा रुळांच्या एकाच बाजूला ठेवावा असा संकेत आहे. मध्ये गाडीच्या तोंडासमोरून घेतलेले एखादे दृश्य असेल, तर बाजू बदललेली खपते. काही वेळा दिशा जुळवण्यासाठी चित्र आरशातल्यासारखे उलटे छापले जाते, आणि ते ओळखणे सोपे आहे. भारतात दुहेरी मार्गावर गाडी डाव्या रुळावरून धावते. ती उजव्या रुळावरून येताना दिसली, तर चित्र थांबवून डब्यावरची अक्षरे वाचून पाहावीत. आपण भुसावळ मार्गावर राहता, तेव्हा हा प्रयोग आधी फलाटावर उभे राहून करावा. मात्र तिथे आता दोनहून अधिक रूळ आहेत, म्हणून कोणता रूळ कोणत्या दिशेचा हे स्थानकावरच्या पॉइंट्समनला, म्हणजे सांधेवाल्याला, विचारून घ्यावे.